मूळ मालकाला परत

झेरॉक्सच्या दुकानात माणसं नेमका मूळ कागदच विसरतात. काचेवर कागद पालथा घातला, झाकण लावलं, प्रती बाहेर आल्या की त्यांचं सगळं लक्ष त्या गरम प्रतींकडे जातं. त्या घडी करून पिशवीत टाकतात आणि एसटी पकडायला पळतात. ओरिजिनल झाकणाखाली तसंच राहतं. चिखलीत कोर्टाजवळच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सोळा-सतरा वर्षांत तिथं काय काय राहिलं असेल, ते सांगत बसलो तर दिवस जाईल. आधार कार्डं, टीसी, जातीचे दाखले, एकदा तर एका माणसाचा न वापरलेला चष्मा आणि दुसऱ्याची दातांची कवळी.

हे सगळं मी परत करायचो, आणि परत करतो याचा मला गर्व होता. याच्या दुकानात वस्तू राहिली म्हणजे घरी राहिल्यासारखी, असं लोक म्हणायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. एका बाईची दागिन्यांची पुरचुंडी परत केली तेव्हा गावातल्या पेपरात माझा फोटो आला होता. त्यानंतर काही परत केलं की शेजारचा मोबाइल दुरुस्तीवाला फोटो काढायचा आणि शहराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. खाली ठरलेली ओळ असायची, मूळ मालकाला परत. अंगठे यायचे, हात जोडलेले यायचे. मी संध्याकाळी ते सगळे बघायचो.

माझा नियम कडक होता. ओळख पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. एक म्हातारी तिचं आधार कार्ड विसरून गेली आणि चार दिवसांनी आली. कार्डावरचा फोटो तिचा आहे हे मला दिसत होतं, तरी मी म्हणालो, "आजी, ओळखीचा दुसरा काही पुरावा?"

"अरे बापा, हेच तं माहा पुरावा हाय, अन् हेच तुह्याजवळ हाय!"

तरी मी तिला सरपंचाची चिठ्ठी आणायला लावली. दोन वेळा एसटीनं आली बिचारी. मला तेव्हा वाटलं होतं, काम असं चोख पाहिजे.

हे सांगायचं कारण, त्यानंतर वर्षभरात एक फाईल माझ्या दुकानात राहिली आणि तिच्या वेळी मी कसलाही पुरावा मागितला नाही.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आली. तिशीच्या आतबाहेरची, बरोबर पाच-सहा वर्षांची मुलगी. हातात पारदर्शक प्लास्टिकची निळी फाईल. ती उंद्रीकडच्या एका खेड्यातली होती, हे नंतर कळलं. तेव्हा तिनं फक्त एवढंच म्हटलं, "भाऊ, सगळ्याइच्या दोन-दोन काढा. जरा लवकर करा, पावनेबाराची गाडी हाय माही."

मी काढायला लागलो. दहावीची, बारावीची, डी.एड.ची गुणपत्रकं, सनद, शाळा सोडल्याचा दाखला. मुलीचा जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड. सवयीनं नजर जातेच. डी.एड.ला बाईला पहिला वर्ग होता.

"नोकरीचं काही जमून राह्यलं वाट्टे?" मी सहज विचारलं.

ती नुसती हसली. मुलगी मध्येच म्हणाली, "आमी आजीच्या गावाले जानार हाओत." बाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला गप्प केलं. मला त्यात काही दिसलं नाही. लेकरू आजीच्या गावाला जाणार म्हणतं, त्यात बघण्यासारखं काय असतं?

गर्दी झाली होती. वकिलाचा माणूस घाई करत होता. तिनं प्रती घेतल्या, मुलीला उचललं आणि निघाली. तासाभरानं काउंटरवरचे फॉर्म आवरताना खाली निळी फाईल सापडली. मूळ कागद सगळे आत.

तिचा नंबर कुठेच नव्हता. लसीकरणाच्या कार्डावर वडिलांच्या नावापुढे मोबाइल नंबर होता. मी लावला.

"तुमच्या मिसेसची फाईल माझ्या दुकानात राहिली आहे," मी म्हणालो. "काळजी करू नका, सुखरूप आहे."

"कोनती फाईल?"

त्या प्रश्नाशी मी थांबायला पाहिजे होतं. नवऱ्याला फाईलच माहीत नाही, म्हणजे काहीतरी आहे, एवढं कोणालाही कळलं असतं. पण मी मदतीच्या भरात होतो. फाईल उघडून एकेक कागद वाचून दाखवायला लागलो. दहावी, बारावी, डी.एड. मुलीचा दाखला. आणि सगळ्यात शेवटी, प्रती काढताना मी न वाचलेला, एक हातानं लिहिलेला अर्ज होता, मलकापूरकडच्या एका खासगी निवासी शाळेच्या नावानं. शिक्षिका आणि वसतिगृहाची देखरेख अशा जागेसाठी. खाली ओळ होती, राहण्याची खोली मिळाल्यास मुलीसह तेथेच राहण्याची तयारी आहे.

तीही ओळ मी वाचली. मोठ्यानं वाचली.

मग त्यानं विचारलं, "एकटीच होती का ती?"

"मुलगी होती बरोबर."

"आनखीन कोनी?"

"नाही हो. मोठ्या घाईत होत्या."

"येतो मी."

आणि मी, फोन ठेवता ठेवता, त्याचं अभिनंदन केलं. मिसेस हुशार आहेत तुमच्या, म्हणालो.

तो दीड तासात मोटरसायकलवर आला. उन्हानं रापलेला, साधा दिसणारा, बोलायला मऊ. घरी भाजीपाल्याची शेती. मी त्याला आधार कार्ड मागितलं नाही. फाईलमधल्या दहा कागदांपैकी आठांवर फक्त तिचं नाव होतं, पुढे तिच्या वडिलांचं, पुढे माहेरचं आडनाव. त्याचं नाव फक्त मुलीच्या दोन कागदांवर. म्हातारीला तिच्याच फोटोच्या कार्डासाठी दोन चकरा मारायला लावणारा मी, त्याला म्हणालो, "घ्या, तुमचीच वस्तू आहे." शेजारच्यानं फोटो काढला. एक टोक माझ्या हातात, एक टोक त्याच्या, मध्ये निळी फाईल. फोटो ग्रुपवर गेला, खाली तीच ओळ.

संध्याकाळी जेवताना हे मी बायकोला सांगितलं. तिनं वाढता वाढता विचारलं, "पन कागद तं तिचे होते नं?"

"मग? नवऱ्याला दिले."

"तिले फोन काऊन नाही केला?"

"तिचा नंबर नव्हता."

"त्याच्याकडून घ्यायचा होता. तिलेच सांगतो म्हनायचं."

मी म्हणालो, नवरा-बायकोत तुझं-माझं काय असतं. ती भाकरी ताटात ठेवून आत गेली.

आठवड्यानं ती बाई आली. बाजाराचा दिवस होता. मुलगी बरोबर नव्हती. मी तिला ओळखलं आणि आनंदानं म्हणालो, "पोचली ना फाईल? तुमच्या मालकाले देली बघा त्याच दिवशी."

ती काउंटरला धरून उभी राहिली. मी तिला स्टूल दिलं, तर बसली नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "त्या कागदाइवर नाव कोनाचं होतं?"

मी काहीतरी पुटपुटलो. नंबर त्यांचाच होता, मला वाटलं घरचेच आहेत.

"नाव कोनाचं होतं तेवढं सांगा."

"तुमचं."

"मंग मालक कोन झालं?"

आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मीही जन्मभर म्हणत आलो. त्या शब्दाचा कधी विचार केला नव्हता.

मग तिनं सांगितलं, थोडक्यात, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. ते कागद लग्नापासून सासूच्या पेटीत होते. ते बाहेर काढायला तिला चार महिने लागले. मुलीचे दाखले त्याच्या कपाटात होते, ते वेगळे काढले. मुलीच्या दातांचं निमित्त करून त्या दिवशी ती चिखलीला आली होती. घरी पोचली तेव्हा तो अजून परतला नव्हता, म्हणून तिनं पिशवी लपवायला घेतली आणि तेव्हा तिला कळलं की पिशवीत नुसत्या झेरॉक्सच आहेत. थोड्या वेळानं तो अंगणात गाडी लावत होता आणि हँडलला फाईल लटकत होती. त्यानं मारलं का, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "त्यायनं अर्ज माह्यासमोर वाचून दाखोला. म्हने, दुकानदारानं फोनवर वाचला तसाच."

मलकापूरकडच्या त्या शाळेत कागदपत्रांच्या तपासणीला अजून दहा दिवस होते. मूळ कागद दाखवावे लागणार होते. ती म्हणाली, "तुमी देले, तुमीच आनून द्या."

मी गेलो. हे मी स्वतःच्या बाजूनं सांगतोय असं समजू नका. गेलो, कारण तिचं ते उभं राहणं मला सहन होत नव्हतं. रविवारी दुकान बंद करून तिच्या गावाला गेलो. रस्त्याच्या कडेला टोमॅटोचे कॅरेट लागलेले, त्यामागे घर. तिचा सासरा बाजेवर बसला होता. नवऱ्यानं खुर्ची दिली, चहा सांगितला. चहा तीच घेऊन आली. डोक्यावर पदर होता आणि तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

मी म्हणालो, "दादा, ते कागद त्यांना लागणार आहेत. त्यांचेच आहेत ते."

"हायेत नं घरात," तो म्हणाला. "कुठी गेले? हरवले असते तं गोष्ट येगळी होती. तुमच्या कृपेनं घरीच हायेत."

"पण त्यांना पाहिजेत."

सासऱ्यानं बशी खाली ठेवली. "गुरुजी," तो मला म्हणाला. माझ्या नाकावरच्या चष्म्यामुळे की काय, लोक मला गुरुजी म्हणतात. "तुमी परामानिक मानूस हा. पेपरात वाचलं होतं तुमचं. आता घरातल्या गोष्टीत नका पडू."

मी चहा पूर्ण प्यालो. मला अजून आठवतं, कप उलटा करून शेवटचा घोटही घेतला. मग निघालो.

ती पुन्हा आली तेव्हा तपासणीला तीन दिवस होते. यावेळी तिच्याकडे उपाय होता. शाळेतल्या बाईंशी ती फोनवर बोलली होती. कागद हरवल्याची तक्रार ऑनलाइन केली आणि तिची पावती, बरोबर डुप्लिकेटसाठी केलेला अर्ज, एवढं दाखवलं तरी सध्या चालवून घेऊ, असं त्या म्हणाल्या होत्या. झेरॉक्स तिच्याकडे होत्याच. आता तक्रार तेवढी भरायची होती, आणि असल्या तक्रारी मी दिवसाला पाच-सहा भरून देत होतो. माणसं सिमकार्डासाठी, लायसन्ससाठी येतात. कुठं हरवलं विचारलं की म्हणतात, लिहा काहीही, बाजारात लिहा. मी लिहितो. कधी कोणाला खरं-खोटं विचारलं नव्हतं.

मी फॉर्म उघडला. तिचं नाव टाकलं, सगळं माहेरचं, कागदांवर होतं तसं. हरवल्याचं ठिकाण, असा रकाना आला.

"लिवा, चिखली. तुमचं दुकान," ती म्हणाली.

माझा हात थांबला. माझ्या दुकानातून कागद हरवले असं सरकारी नोंदीत जाणार होतं. माझ्या दुकानातून!

"इथं हरवले नाहीत, ताई. इथं सापडले."

"मंग बसस्टँड लिवा."

"तो फोटो ग्रुपवर आहे. माझा आणि तुमच्या... त्यांचा. फाईल दिसते त्यात. उद्या कोणी विचारलं तर मी खोटं लिहिलं असं होईल."

"कोन विचारनार हाय?"

कोणीच विचारणार नव्हतं. तेव्हाही मला ते माहीत होतं. पण फोटोचं निमित्त सापडलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा अगदी तसंच वाटलं.

"खोटं कसं लिहू?" मी म्हणालो.

"बरं, मंग खरं लिवा," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "लिवा का, माहे कागद माह्या नवऱ्यानं ठेवून घेतले. दुकानदारानं नेऊन देले. लिवा हे."

"त्याला यात रकाना नाही. त्यासाठी पोलीस स्टेशनला जावं लागेल."

दुकानात दोघे-तिघे होते. ते आता आमच्याकडे बघत होते. त्यातला एक माझ्या ओळखीचा वकिलाचा कारकून. ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, तुमी चोर असते नं, तं बरं झालं असतं. चोरानं कागद नाल्यात फेकले असते. मले डुप्लिकेट भेटले असते."

ती गेली. गावात असली दुकानं आणखी आठ-दहा होती, ती दुसरीकडे गेली असेल असं मी मनाला सांगितलं. पुढे कळलं ते असं की तिची शेवटची गाडी सुटत होती, घरी दळण आणायला जाते असं सांगून ती निघाली होती आणि तिच्याजवळ तेवढाच वेळ होता. मी भरायला घेतलेला फॉर्म स्क्रीनवर तसाच होता. तिचं पूर्ण नाव, आणि पुढे रिकामा रकाना. मी तो बंद केला, कारण कारकुनाला दाखल्याची प्रिंट पाहिजे होती.

त्याच आठवड्यात माझ्या बायकोनं कपाटाची किल्ली मागितली. कशाला म्हटलं, तर म्हणाली, "माही दहावीची गुणपत्रिका काढाची हाय." तिनं ती काढली आणि आपल्या साड्यांच्या पेटीत ठेवली. बावीस वर्षांत तिला त्या कागदाचं काही काम पडलेलं नव्हतं.

पाच-सहा महिन्यांनी तो आला, तिचा नवरा. पीक विम्याचा फॉर्म भरायचा होता. हातात वांग्यांची पिशवी. दुकानात लोक होते, त्यांच्यासमोर म्हणाला, "या मानसाचे लय उपकार हायेत आपल्यावर. यायच्यामुळं घर वाचलं आमचं." लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. त्यांना वाटलं असेल, मी त्याचे घराचे कागद परत केले. मी काही खुलासा केला नाही. फॉर्म भरून दिला. वांगी नको म्हणालो, तर तो काउंटरवर ठेवून गेला.

घरी नेली. बायकोनं विचारलं कुठून आणली, मी सांगितलं. तिनं पिशवी तशीच उचलली आणि कोपऱ्यावरच्या गाईपुढे रिकामी केली.

कोण किती दोषी, याचा मी पुष्कळ हिशेब घातला आहे. तिच्या घरात जे होतं ते माझ्यामुळं नव्हतं, हे खरं. मी नसतो तर त्याला दुसरीकडून कळलं असतं, हेही कदाचित खरं. पण फोन माझा होता आणि अर्ज वाचणारा आवाज माझा होता. ते एक वेळ अजाणता झालं म्हणू. रकाना रिकामा सोडला तो मात्र पूर्ण जाणतेपणी. त्या दिवशी मला तिचं नुकसान दिसत होतं, आणि माझं नाव खराब होईल ही भीतीही दिसत होती, आणि मी दोन्हीत निवड केली. परत करणं म्हणजे वस्तू हातातून सोडणं, एवढंच मी सोळा वर्षं समजत होतो. ती कोणाच्या हातात पडते आहे हे बघायला मी कधी मान वर केली नव्हती. म्हातारीला चकरा मारायला लावल्या, तेव्हाही काळजी तिच्या कार्डाची नव्हतीच. माझ्यावर बोट येऊ नये, एवढीच होती.

मागच्या वर्षी आठवडी बाजारात ती दिसली. जमिनीवर पोतं अंथरून बसली होती, समोर मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हिरव्या मिरच्यांचे वाटे. मुलगी शेजारी गुडघ्यांवर वही ठेवून पाढे लिहीत होती, आणि ती मिरच्या निवडता निवडता तिच्या चुका सांगत होती. "सात सक किती? पाह्य बरं पुन्हा." नवरा थोड्या अंतरावर टेम्पोजवळ कोणाशी बोलत होता.

मी वळून जाऊ शकलो असतो. पण समोर जाऊन उभा राहिलो. तिनं वर पाहिलं आणि ओळखलं.

"ताई," मी म्हणालो, "माझं चुकलं."

एवढं म्हणायला मला दीड वर्ष लागलं होतं. मला काय पाहिजे होतं कोण जाणे. तिनं शिवी दिली असती तरी चाललं असतं. माफ केलं म्हणाली असती तर, खरं सांगतो, मी ते घरी येऊन बायकोला सांगितलं असतं.

तिनं टेम्पोकडे एक नजर टाकली. मग तराजू उचलला.

"मेथी घेता का सांबार?"

"ताई, मी काय म्हणतो..."

"गिऱ्हाईक हाय मांगं," ती म्हणाली. "घ्याचं नसन तं बाजूले व्हा."

माझ्या मागे खरंच एक बाई पिशवी उघडून उभी होती. मी बाजूला झालो.